मामांनी सुरात आणलेली करवत

मित्रांनो, लाकडं ठेवायच्या या खोलीत दाराशेजारी खिळ्याला टांगलेली केशरी मशीन दिसते का? रंग उडालेला, पट्टी काळवंडलेली, मागच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली? ती मी. झाडं आणि जळण कापणारी साखळीची करवत. आता मला काम नसतं, म्हणून दुपारभर डुलक्या काढते. फळ्यांच्या फटीतून ऊन येतं, त्यात भुशाचे कण तरंगतात, आणि मला वाटतं की मी अजून उंच फांद्यांतच आहे आणि वाऱ्याबरोबर सगळंच हळूहळू हलतंय. बोलता बोलता भरकटले तर सांभाळून घ्या. वय झालंय.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते मामांच्या दुकानात. मामा म्हणजे करवती विकणारे आणि दुरुस्त करणारे मिस्त्री. लांबट दुकान, एक जाड लाकडी टेबल, डब्यांत स्क्रू, भिंतीवर ओळीने कानशी, आणि सगळीकडे पेट्रोलचा वास. माझ्या उजवीकडे एक थोराड करवत होती, डावीकडे एक चिमुकली. मी मधली. मधल्यांकडे कोण बघतं?

त्या दिवशी दुकानात आली मामांची भाची. तिची आई लवकर गेली, म्हणून ती मामा-मामींकडेच वाढली. लहानपणापासून सारखी झाडावर, त्यामुळे सगळे तिला खारूताई म्हणत. तिला झाडं कापून उतरवायचा स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा होता, आणि तिचा डोळा थेट त्या थोराड करवतीवर. करवत निवडायची मामांची एक रीत होती. त्यांनी चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "ती समोर धरून उभी राहा. माझा चहा संपेपर्यंत."

मामा चहा किती सावकाश प्यायचे ते तुम्ही बघायला हवं होतं. अर्ध्या कपातच खारूताईचे दंड थरथरायला लागले. मग त्यांनी तिला चिमुकली दिली. ती तिने सहज पेलली, पण मामा म्हणाले की जाड खोडात हिचा जीव घाबरेल. मग माझी पाळी आली. कप रिकामा झाला तरी खारूताई मला धरून उभीच होती. मामा हसले. मित्रांनो, त्या एका हसण्यावर मी पुढे कित्येक वर्षं जगले.

पण खरी गंमत त्यानंतर. माझ्या पोटाजवळ बारीक स्क्रू आहेत. पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण त्यांच्यावर ठरतं. मामांनी मला सुरू केलं, खटका पूर्ण दाबला, डोळे मिटले आणि छोट्या पेचकसाने वेगाचा स्क्रू केसभर आत, केसभर बाहेर फिरवत राहिले. मी आधी किंचाळले, मग घशात काही अडकल्यासारखी घोगरी झाले. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक जागा होती, ती त्यांना कानाने सापडली. खारूताईला ते म्हणाले, "मोकळी असताना हिने बडबडलं पाहिजे. लाकडात शिरली की बडबड बंद आणि काम सुरू. मोकळी असतानाच गोड गायला लागली तर समज, तिला पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोलातच तेल मिसळलेलं असतं, म्हणजे तेलही कमी. आतून जळेल बिचारी."

तेव्हापासून मी बडबडी. ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

काय दिवस होते ते! खारूताई दोराला लटकून वर, मी तिच्या कमरेला. वाळलेल्या फांद्या, वीजतारांवर आलेल्या फांद्या, वादळात आडवी झालेली खोडं. थंडीच्या आधी जळणाचे ओंडके, सगळे एका मापाचे. माझे दात धारदार असले की जाड जाड ढलप्या उडायच्या. बारीक पीठ पडायला लागलं की खारूताई लगेच थांबायची आणि मांडीवर घेऊन कानस फिरवायची. आई लेकीचे केस विंचरते ना, तशी. लोक म्हणायचे, काय लोण्यासारखी कापते! खारूताई म्हणायची, मामांचे कान आहेत मागे. दर वर्षी हंगामाआधी मामा मला पुन्हा सुरात आणायचे.

आता जे सांगते ते सांगताना मला अजून लाज वाटते. मामांनी आयुष्यभर कानांवर काही घातलं नाही. खारूताईला कान झाकायला लावत, पण स्वतः कधी नाही. कान झाकले तर ऐकणार काय, असं त्यांचं म्हणणं. रोज दहा-बारा करवती त्यांच्या कानाशी ओरडायच्या. आम्हीच ओरडायचो. होता होता ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागले. दुकानासमोर कुणी हॉर्न वाजवला की मामी आतून येऊन त्यांच्या खांद्याला हात लावायच्या. सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे दुसरीकडे बघत होते.

त्या वर्षी मामांनी मला नेहमीसारखं साफ केलं, सुरू केलं, डोळे मिटले. स्क्रू आत फिरवला. मी बडबडायची थांबले. अहो मामा, बस! पण त्यांना माझा आवाज अजून घोगराच वाटत होता, कारण माझ्या आवाजाचा वरचा भाग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्यांनी आणखी फिरवला. मी कर्कश किंचाळत होते आणि ते समाधानाने मान डोलवत होते. खारूताई शेजारीच उभी होती. तिच्या कपाळाला आठी पडली. पण मामांच्या कानांपुढे आपले कान ते काय, असं तिला वाटलं असावं. ती मला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या छपरावर वाकलेली फांदी उतरवायची होती. सुट्टी होती, आवार रिकामं. तिसऱ्या कापालाच माझं अंग भाजायला लागलं. जोर संपला. खारूताईने खटका सोडला, आणि मित्रांनो, मी थांबलेच नाही. मला थांबता येईना. वेग उतरेचना, साखळी फिरतच राहिली आणि तिच्या दोराला घासली. तिने हाताने ब्रेकचा दांडा पुढे ढकलला, बटण बंद केलं. नंतर सगळं शांत झालं. दोराचे वरचे दोन पदर तुटले होते. खारूताई झाडाला मिठी मारून बराच वेळ बसून राहिली.

खाली उतरल्यावर तिने खिशातून पेचकस काढला. एवढ्या वर्षांत तिला स्क्रू फिरवता येत होता. तिने तो फिरवला असता तर मामांना कधीच काही कळलं नसतं. पण उद्या दुसऱ्या कुणाची करवत त्यांच्या टेबलावर येणार होती. तिने पेचकस परत खिशात ठेवला.

दुकानात तिने मला टेबलावर ठेवलं आणि शेजारी तो दोर. मामी दारात शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. खारूताई मामांच्या अगदी समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मामा, तुला हिचा आवाज पुरता ऐकू येत नाही."

मामांनी दोर हातात घेतला. तुटलेल्या पदरांवरून अंगठा फिरवला. मामी हळूच म्हणाल्या की त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं, बोलायचा धीर झाला नाही. मामांना ते ऐकू गेलं नसावं. त्यांनी पेचकस खारूताईपुढे सरकवला. "घे. कानच गेले, आता माझं इथे काय काम?"

मला रडता येत नाही, मित्रांनो. तेव्हा यायला हवं होतं.

खारूताईने पेचकस घेतला नाही. तिने मला सुरू केलं, मामांचा उजवा हात धरला आणि माझ्या पुढच्या मुठीवर ठेवला. मामांनी हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. तिने सोडला नाही. तिने खटका दाबला, आणि मामांच्या तळव्याला मुंग्या आल्या असणार, कारण मी आतून तशीच बारीक, कोरडी थरथरत होते. मामांचे डोळे आपोआप मिटले. डाव्या हाताने त्यांनी पेचकस चाचपला, स्क्रू किंचित बाहेर काढला. अजून किंचित. आणि मग ती जागा आली. माझं सगळं अंग अडखळत, फडफडत हलायला लागलं. ती बडबड होती. मामांनी ती हातात धरली होती.

"हीच ना?" त्यांनी विचारलं. खारूताईने जोरजोरात मान हलवली.

त्यानंतर मामा अनेक वर्षं तसंच काम करत राहिले, तळव्याने. पण आधी प्रत्येक करवत खारूताईच्या कानांना विचारून. माझ्या पिस्टनवर मात्र त्या दिवशी ओरखडे पडले होते. जोर हळूहळू ओसरला, नवी करवत आली, मी या खिळ्यावर आले. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना धार लावा, तेल घाला, आणि आमच्याजवळ येताना कान झाका, एवढं सांगते. आणि एक. तुमचं ज्यांनी आयुष्यभर ऐकलं, त्यांना ऐकू येईनासं झालं तर दुसरीकडे बघू नका. समोर बसा, हात धरा, सांगा.

मामांना आता काहीच ऐकू येत नाही. थंडीच्या पहिल्या सकाळी ते या खोलीत येतात, मला खाली काढायला लावतात. खारूताई मला सुरू करायची दोरी ओढते. मामा माझ्या मुठीवर तळवा ठेवतात आणि डोळे मिटतात. आता लाकूड कापायचं नसतं, काही दुरुस्त करायचं नसतं. मी तेवढा वेळ त्यांच्याशी बडबडते, आणि ते ऐकतात.