उसनी आकडी

चहाच्या कपावरून कुणी बंड करतं का? करतात. माणसाचं डोकं फिरायला दर वेळी मोठंच कारण लागतं असं नाही. चौऱ्याऐंशी साली बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात चारशे माणसांचं डोकं चहावरूनच फिरलं, आणि ते फिरवणारा होता आमचा नागोराव.

नागोराव परभणीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात बायको आणि कडेवरची नलू घेऊन इकडं आला आणि इथंच चिकटला. हातात कागद आला की वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, मग तो भज्यांचा का असेना. त्यामुळं कारखान्यात त्याला थोडा मान होता आणि त्याची थोडी थट्टाही होती. मालक, म्हणजे शेठ, मुंबईला. वर्षातून दोनदा मोटारीतून यायचा, नाकाला रुमाल लावून फिरायचा आणि जायचा. त्या साली त्यानं गेटासमोरची चहाची टपरी उठवली, कँटीन मेव्हण्याच्या घशात घातलं, आणि फर्मान काढलं की प्रत्येकाच्या पगारातून रोजच्या दोन चहांचे पैसे कापले जातील. प्या, नाहीतर पिऊ नका. तो चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी बरं.

लोकांनी अर्ज केले. एक नाही, तीन. तिसऱ्यात तर अगदी हात जोडून लिहिलं होतं की पैसे कापायचे तर कापा, पण कँटीनच्या कमिटीत आमचा एक माणूस तरी घ्या. मॅनेजरनं अर्ज टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाला, कमिटी शेठ ठरवतील.

त्याच आठवड्यात नलूची चाचणी होती. नववीचं इतिहासाचं पुस्तक घेऊन ती बापाला प्रश्न विचारायला लावत होती. धडा होता अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा. नागोरावनं तो एकदा वाचला, मग नलू झोपायला गेली तरी पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेटाबाहेरच्या वडाखाली त्यानं तो सगळ्यांना सांगितला, आणि सांगावा तर नागोरावनंच.

"हे अमेरिकेतले लोक म्हणजे राजाचीच माणसं. भाषा तीच, देव तोच. राजा मात्र समुद्रापलीकडं. त्यानं कागदावर कर लावला, काचेवर लावला. हे बोंबलले. मग त्यानं बाकीचे कर उठवले अन् चहावरचा तेवढा ठेवला. कामून? तर कर बसवायचा हक्क माझा हाय, हे दाखवायला. हे म्हणले, तुझ्या दरबारात आमचा एक माणूस नाही, मग आमच्या खिशात हात घालणारा तू कोण?"

"बिलकुल सही बात," भट्टीवरचा एक भय्या म्हणाला.

"तेव्हासुद्धा त्यांना फुटून निघायचं नव्हतं. अर्जावर अर्ज केले. खाली लिहायचे, आपले आज्ञाधारक. राजानं ते उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. मग एका संध्याकाळी हे जहाजावर चढले आणि चहाच्या तीनशे बेचाळीस पेट्या समुद्रात ओतल्या. राजानं बंदर बंद केलं, फौज पाठवली. तिथं गाडी उलटली. जे कालपर्यंत दरबारात एक जागा मागत होते, ते म्हणले, आता तुझा दरबारच नको."

लोक खूष झाले. त्यातही सगळ्यांना आवडलं ते पुढचं. पेट्या ओतणाऱ्यांना कुणी ओळखू नये म्हणून ते तिथल्या आदिवासींचा वेष करून गेले होते. तोंडाला काजळी, डोक्याला पिसं. युनियनचा पुढारी शिवाजी साताऱ्याकडचा, उंचापुरा आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. तो मांडीवर थाप मारून हसला.

कडेला जिवल्या बसला होता. बेटेगावच्या बाजूच्या पाड्यावरचा हा वारली गडी ठेकेदारामार्फत गोण्या उचलायला यायचा. त्याचं नाव ना हजेरीपटावर, ना चहाच्या यादीत. तरी नागोराव बसला की तो शेजारी बसायचा. दोघांची मैत्री कशी जमली कोण जाणे, पण जमली होती.

"तवा ते कुठं व्हते?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"ज्यांचं सोंग घेतलं ते."

"ते पुस्तकात दिलेलं नाही," नागोराव म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. जिवल्याही हसला.

संप फेब्रुवारीत सुरू झाला. ठेकेदाराच्या माणसांना त्यातून फुटकी कवडी मिळणार नव्हती, तरी नागोरावच्या शब्दाखातर जिवल्यानं कामावर पाय ठेवला नाही. अकरा दिवस झाले. शेठनं कळवलं की कारखाना बंद पडला तर पडू दे, आणि गेटावर पोलिसांची गाडी आणून ठेवली. कोठारात मात्र तयार रंगाच्या भुकटीच्या गोण्या परदेशी जायच्या म्हणून रचून पडल्या होत्या. शिवाजीनं नागोरावला बाजूला घेतलं.

"तुझ्या पुस्तकातलंच करू," तो म्हणाला. "मागच्या दारानं. लंगोटी, डोक्याला फडकं, कमरेला कोयता. वॉचमन काय ओळखणार? सगळे सारखेच तर दिसतात."

नागोरावला त्याच वेळी जीभ होती. त्यानं ती वापरली नाही. उलट त्याला वाटलं की आपण वाचलेलं आपल्या हातून घडतंय, आणि त्याची छाती फुगली.

कपडे मागायला तो पाड्यावर गेला. जिवल्याची बायको पारू तांदळाची भाकर थापत होती. तिनं आधी जेवायला घातलं. "काय लागतं ते ने," जिवल्या म्हणाला. त्यानं घरोघर फिरून जुनी बंड्या-फडकी गोळा केली, कोयते आणले, आणि वर स्वतःच्या कमरेची आकडी सोडून नागोरावच्या कमरेला बांधली. कोयता अडकवायची ही लाकडी आकडी पाड्यावर ज्याची त्यानं कोरायची असते. जिवल्याच्या आकडीवर पाठीला पाठ लावून बसलेली दोन पाखरं होती. कशाला नेतोस, असं कुणी विचारलं नाही. तशी रीतच नव्हती. पाड्यावर कुणी वस्तू उसनी नेली तर देणारा त्याचं नाव घेत नाही. तसं नाव घेणं म्हणजे दिलेलं तोंडावर फेकणं. काही बिनसलं तर नेणाऱ्यानंच चारचौघांत उभं राहून सांगायचं की मी नेली होती.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना वीस जण मागच्या दारानं शिरले. कोयते पाहूनच वॉचमन पळाला. गोण्या फाडून रंग मागच्या ओहोळात ओतला. तांबडा, निळा, पुन्हा तांबडा. नागोराव हसत होता, ओरडत होता, आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं काहीतरी बुडवत होता. कुंपणावरून उडी मारताना कमरेची दोरी तुटून आकडी पडली, ते त्याला घरी गेल्यावर कळलं. तो ओहोळ पुढं जिवल्याच्या पाड्याखालून जातो, तिथं बायका वाळूत खड्डे करून पाणी भरतात, हेही त्याला तेव्हा आठवलं नाही.

सकाळी पोलीस पाड्यावर गेले. वॉचमननं सांगितलंच होतं, वीस-पंचवीस आदिवासी होते. फौजदारानं कुंपणाशी सापडलेली आकडी वर धरली आणि विचारलं, कुणाची?

"माझी," जिवल्या म्हणाला.

शहरातल्या कुठल्याही माणसानं आधी कानावर हात ठेवले असते. पण स्वतःच्या हातानं कोरलेली पाखरं नाकारायची कशी, हे त्याला ठाऊकच नव्हतं. काल कुठं होतास, तर घरी. मग ही तिथं कशी गेली? त्यावर तो गप्प. मार खाल्ला तरी गप्प. त्याला आणि पाड्यावरच्या आणखी चौघांना गाडीत घातलं.

नागोराव धावत शिवाजीकडं गेला. "मी जातो ठाण्यावर. सांगतो, मी होतो म्हणून."

"जा," शिवाजी म्हणाला. "तुझ्यामागं आम्ही एकोणीस. मग संप गेला, नोकऱ्या गेल्या. शेठचा निरोप आलाय, तो बोलणीला तयार आहे. माल बुडाल्यावर अक्कल आली. एका माणसासाठी चारशे चुली विझवणार का? दोन दिवस कळ काढ. आपण त्याला वकील देऊ."

नागोरावनं कळ काढली. माणूस वाईट नव्हता तो, एवढंच म्हणता येईल, आणि त्याचा कुणाला काय उपयोग?

चौथ्या दिवशी समझोता झाला. चहाची कपात बंद. कँटीनच्या कमिटीत कामगारांचा एक प्रतिनिधी, आणि तो एकमतानं नागोराव. करारात सातवं कलम होतं: "मालाचे नुकसान बाहेरील आदिवासी इसमांनी केले असून त्यात कामगारांचा कोणताही हात नाही." नागोरावनं ते दोनदा वाचलं. त्याच्याइतकं नीट तिथं कुणी वाचलं नसेल. मग त्यानं वळणदार अक्षरात सही केली.

गेटावर पेढे वाटत होते तेव्हा पारू आली. पाड्यावरून चालत आली होती. तिच्या पायांच्या भेगांत तांबडा रंग बसला होता.

"जिकलात ना दादा?" ती म्हणाली. "आता त्याला सोडतील."

नागोरावच्या तोंडात पेढा होता. तो त्यानं गिळला. "पुढल्या सोमवारी पालघरला तारीख हाय," तो म्हणाला. "मी येतो. सायबापुढं उभा राहून सांगतो, आकडी मी नेली होती." आणि त्या क्षणी ते खरं होतं. घरी जाऊन त्यानं बायकोलाही सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, नलूची फी भरून ठेवा आधी.

सोमवारी पालघरच्या कोर्टात तो पारूशेजारी बाकावर बसला. युनियनचा वकील आला नव्हता. येणारही नव्हता, हे त्याला आतून ठाऊक होतं. मागच्या बाकावर शिवाजी होता.

बाकीचे चौघं सुटले होते; जिवल्याला मात्र दोरखंड बांधून आणलं. चौदा दिवसांत तो इतका वाळला होता की पारूनं तोंडाला पदर लावला. नागोराव दिसताच तो मात्र हसला. घरचं माणूस आल्यासारखा हसला.

न्यायाधीश साहेब तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी आकडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"ही तुझीच?"

"माझीच हाय."

"तू त्या वेळी घरी होतास म्हणतोस. मग ही तुझ्याकडून कुणी नेली होती का?"

जिवल्यानं मान वळवून नागोरावकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. रांगेत पुढच्याचा नंबर आला की मागचा थांबतो, तेवढंच होतं ते. आता बोलायची पाळी नेणाऱ्याची होती.

पारूनंही पाहिलं. साहेबांनीही चष्म्यावरून त्या बाकाकडं पाहिलं. "कुणाला काही सांगायचं आहे का?"

नागोराव उठला. गुडघ्यातून अर्धा उठला. चारशे चुली, नलूची फी, सातवं कलम, खालची सही, सगळं त्याला एकदम आठवलं. मागं शिवाजी खाकरला. नागोराव खाली बसला.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. खरंच पाहिली. मग पुन्हा विचारलं, तेव्हा जिवल्यानं नागोरावकडं पाहिलं नाही.

"कोणी नाय नेली," तो म्हणाला. "माझीच हाय. माझ्याच कमरेला व्हती."

कारकुनानं ते लिहून घेतलं. पुढची तारीख महिन्याभरानं पडली. शिवाय त्याला जामीन राहील असा सातबारा असलेला माणूस पाड्यावर एकही नव्हता.

बाहेर व्हरांड्यात पोलीस विडी पेटवायला थांबले होते. जिवल्या खाली मान घालून भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. पारू त्याच्याजवळ गेली, काहीतरी पुटपुटली, आणि रिकाम्या हातानं परत आली. नागोराव खांबाशी उभा होता. ती शिव्या देईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. शिव्या मिळाल्या असत्या तर तो घरी जाऊ शकला असता.

"भूक लागली त्याला," ती म्हणाली. "दर तारखेला बायका भाकर बांधून आणतात. मी नाय आणली. तुमी बोलणार व्हतात ना, मला वाटलं आज तो घरीच जेवंल."