घोट्याशी दोन बोटं

"आई, या पायजम्याचा बॉटम अजून जरा सैल कराल का? घोट्याला काचतोय."

माझा पाय शिलाई मशीनवर होता आणि तोंडात चार टाचण्या. त्या काढून ठेवल्या आणि म्हणाले, "सोमवारीच तर एक बोट सैल केला. आज बुधवार."

"धुतल्यावर कापड आटलं असेल."

"माझं कापड आटत नाही. आधी भिजवते, मग कापते. उगाच बदनामी नको."

"मग मीच जाडी झाले असेन."

"व्हायलाच हवंस. या घरात आलीस तेव्हा हँगरला अडकवल्यासारखी दिसायचीस."

सूनबाई हसली आणि हसता हसता दाराच्या चौकटीला टेकली. तिला आठवा लागला होता. मी पायजमा उलटा केला. आत माया, म्हणजे शिलाईतलं जादा कापड, भरपूर सोडलेली होती. उसवलं, शिलाई मारली, दहा मिनिटांत तिच्या हातात दिला. खरं सांगते, मला बरं वाटलं. या गरोदरपणात माझ्या हातात दुसरं होतं काय? निदान सैल करणं तरी येत होतं.

माझी सून जन्मली तीच हृदयात भोक घेऊन. शिवाय हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. चार वर्षांची असताना छाती उघडून भोक बुजवलं, वाट मोठी केली. हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं नाही. लग्नाच्या कपड्यांचं माप द्यायला ती माझ्या पुढच्या खोलीतल्या दुकानात आली, तेव्हा तिने माझ्या मुलाला बाहेर पाठवलं आणि गळ्याची दोन बटणं स्वतःच काढली. "आधी हे बघा, मग माप घ्या," म्हणाली.

गळ्याच्या खळगीपासून सरळ खाली एक पांढरी रेघ गेली होती. मी चष्मा लावून पाहिली. जे दिसलं तेच बोलले. "हात चांगला होता हो. कुठे म्हणून चुणी नाही."

तिला असं हसू फुटलं की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

ज्याने ते टाके घातले, त्याचं नावही आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. पण घरात एवढं हसणारं माणूस आलं ते त्याच्यामुळे, असं माझ्या मनात अनेकदा येतं.

इतर घरांत सासू नातवंडासाठी रुसून बसते. मी नातवंड नको म्हणून रुसले. मुलाला सरळ सांगितलं, "मला सून पुरे. तिला काही झालं तर मी काय त्या बाळाच्या झबल्याला काजं करत बसू?"

तो वायरमन आहे, कमी बोलतो. तीच बोलली. "आई, मला कुणी विचारणार आहे का? लहानपणापासून सगळे माझ्या छातीबद्दल मला वगळून बोलत आलेत. हे मला हवंय. जमणार नसेल तर नाही म्हणतील. पण आधी विचारू तरी."

ते दोघं विचारायला गेले. मीही गेले, न बोलावता.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, तोडून बोलणाऱ्या. म्हणाल्या, "गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. ते सगळं ह्याच हृदयाने पुढे ढकलायचं. हिची झडप थोडी गळते, उजवा कप्पा आधीच ताणलेला आहे. धोका आहे. काही जणींना मी स्पष्ट नको म्हणते. हिला तसं म्हणणार नाही."

"मग काय म्हणता?" मी विचारलं.

"लक्ष ठेवा म्हणते. आणि काही झालं तर वाट बघू नका."

त्यांनी एक कागद लिहून दिला. रोज सकाळी वजन. आडवं झाल्यावर दम. छातीत धडधड. पायांना सूज. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन. तो कागद मी माझ्या मशीनसमोर भिंतीवर चार टाचण्यांनी लावला. रोज वाचायचे, कॅलेंडर वाचावं तसा.

दर महिन्याला तपासणी झाली. पाचव्यात बाळाचंही हृदय पाहिलं, ते ठणठणीत होतं. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची, ते सातव्यात बंद केलं. सगळं कसं सरळ शिलाईसारखं चाललं होतं.

आणि शुक्रवारी दुपारी तो पायजमा पुन्हा माझ्या टेबलावर आला.

"आई, शेवटचं. अजून थोडा."

मी तो उलटा केला. घोट्यापाशी सुईच्या भोकांच्या दोन जुन्या रेघा होत्या, आणि तिसऱ्या शिलाईला माया उरलीच नव्हती. आता पट्टी जोडावी लागेल, म्हणून मी कपाटातून तुकडा शोधायला लागले. आणि तुकडा हातात असतानाच मी थांबले.

पोट वाढतं, छाती वाढते, कंबर तर विचारूच नका. पण पाच दिवसांत घोटा दोन बोटं कशाला वाढेल?

समोरच कागद होता. पायांना सूज.

आता मी काही नवखी नाही. माझ्या वेळी माझेही घोटे सुजले होते. गल्लीतल्या निम्म्या गरोदर बायका माझ्याकडे कपडे सैल करायला येतात, त्यांचेही सुजतात. म्हणूनच मला त्यात काही वाटलं नव्हतं. पण तो कागद त्या बायकांसाठी नव्हता.

मी आत गेले. ती पलंगावर तीन उशा पाठीला लावून बसल्या बसल्या डुलक्या घेत होती.

"पाय दाखव."

"काय हो आई?"

"पाय दाखव म्हणते."

तिने चादर बाजूला केली नाही. मीच केली. नंतर म्हणाले, "वजन?"

ती खिडकीकडे बघायला लागली. "तीन किलो वाढलं. सोमवारपासून. मी लिहिलं नाही."

"आणि या तीन उशा?"

"आडवं होता येत नाही."

मला असा राग आला की मी पायजमा तिच्या अंगावर फेकला. "माझ्याच हातून लपवून घेतलंस होय ग! दुसरी कुणी सापडली नाही?"

"आई, तिथे नेलं की ते सोडत नाहीत," ती म्हणाली. तिचं तोंड अगदी चार वर्षांच्या मुलीसारखं झालं. "मी राहिलेय तिथे. मला माहितेय. आणि ते बाळाला आत्ताच बाहेर काढतील. अजून दोन महिने आहेत. ते किती एवढंसं असेल. म्हटलं, अजून एक आठवडा ढकलू. अजून एक."

माझा राग कुठे गेला कळलंच नाही. मी तिच्या पायाशी बसले. "हे बघ. बाळ ज्या घरात राहतंय, त्या घराचा वासाच मोडला तर ते राहील कुठे? ऊठ. मी फोन करते."

मुलगा कामावरून तसाच आला, हातमोजे खिशात कोंबून. गाडीत ती माझ्या खांद्यावर टेकून तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती, आणि मी तिच्याबरोबर प्रत्येक श्वास मोजत होते.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "सूज कधीपासून?"

तिने माझ्या मुलाकडे पाहिलं. मुलाला माहीत नव्हतं. मग मी पुढे झाले. म्हटलं, बोलणी बसायचीत तर माझ्यावर बसू देत. "सोमवारी एक बोट. बुधवारी आणखी एक. आज तिसऱ्यांदा. पायजमा मीच सैल करून देत होते. मी शिवणकाम करते. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मी खाली बघत उभी राहिले. बाई काहीतरी लिहीत होत्या.

"सोमवारच्या आधी?" त्यांनी विचारलं.

"त्या आधी बरोबर बसत होता. माझं माप चुकत नाही."

"छान. म्हणजे पाचच दिवस झालेत. इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही आज आणलंत. पुढच्या शुक्रवारी आणलं असतंत तर मी वेगळं बोलले असते. बसा आता, तुमचाच चेहरा पांढरा पडलाय."

मला पाण्याचा पेला त्यांनी स्वतः दिला. तो पेला मी जन्मात विसरणार नाही.

शिरेतून औषध दिलं, अंगातलं पाणी उतरलं. चार दिवसांनी ती आडवी झोपली. बाळाला कुणी घाईने बाहेर काढलं नाही. उलट बाई म्हणाल्या, जितके दिवस मिळतील तितके घेऊ. मिळाले पाच आठवडे. ती तिथेच राहिली, खिडकीजवळच्या पलंगावर. तिथली नर्स तिला रोज विचारायची, "काय, आज सोडू का?" आणि ही म्हणायची, "नको, इथे पंखा चांगला आहे."

दिवस ठरवून बाळंतपण केलं. कंबरेत सुई देऊन कळा बधिर केल्या, म्हणजे हृदयाला जोर लावायला नको. हृदयाच्या बाई आणि बाळंतपणाचे डॉक्टर, दोघंही आत. मी आणि मुलगा बाहेर बाकावर. दार उघडलं की आम्ही उभे राहायचो, मग पुन्हा बसायचो.

दुपारी नर्स आली. तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कानात शिरत नव्हते. मी विचारलं, "ती कशी आहे?"

"बरी आहे. सगळं नीट झालं."

"शुद्धीवर आहे?"

"आहे ना. चहा मागतेय, आणि आम्ही देत नाही म्हणून चिडलीय."

"धडधड? दम?"

"आजी," नर्स म्हणाली, "मुलगा की मुलगी, विचारा तरी."

"ते मग. आधी..."

"अहो, मघापासून तुमच्याच हातात आहे."

मी खाली पाहिलं. नर्सने केव्हा दिलं, मी केव्हा हात पुढे केले, देव जाणे. दुपट्यात दोन मुठी आणि एक रागावलेलं तोंड. मुलगी होती.

बाळंतपणानंतरचे दिवस अशा हृदयाला जड जातात, म्हणून अजून आठवडाभर ठेवून घेतलं. निघायच्या दिवशी बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, झडप पुढे कधीतरी बदलावी लागेल. आणि दुसऱ्या बाळाचा विचार करू नये. सूनबाईने मांडीवरच्या मुलीचं टोपडं सारखं केलं. सरळच होतं, तरी केलं. "बरं," म्हणाली. मग, "हिला सांगेन मी, की तू एकटीच पुरेशी होतीस म्हणून."

बाहेर चाकांची खुर्ची आणलेली होती. बाळंतिणीने खुर्चीतूनच जायचं, असा तिथला नियम. खुर्ची ढकलणारी बाई धिप्पाड होती.

"मी चालत जाईन," सूनबाई म्हणाली.

"नियम आहे, ताई."

"मग यांना बसवा." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आईंना. आणि बाळाला त्यांच्याकडे द्या. खुर्ची रिकामी गेली नाही, म्हणजे झालं."

त्या बाईने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या कागदावर सही करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हळू चालू दे."

अशी मी धडधाकट बाई खुर्चीत बसले, मांडीवर नात. मुलगा पिशव्या घेऊन मागे. लांब वऱ्हांडा, एका बाजूला ओळीने खिडक्या. सूनबाई खुर्चीच्या बाजूने चालत होती, कुठेही हात न टेकता. तिसऱ्या खिडकीशी ती थांबली, बाहेर काहीतरी बघत असल्यासारखी. खुर्ची ढकलणारी बाईही थांबली, आणि तिनेही बाहेर पाहिलं. मुलाने पिशव्या खाली ठेवल्या. मी मनात तिचे श्वास मोजले.

मग सूनबाईने मान हलवली, आणि आम्ही सगळे पुढच्या खिडकीकडे निघालो.