धुऊन परत आलेला डबा

मी कडीचा डबा बोलतोय. स्टीलचा, दीड लिटरचा, वर घट्ट बसणारं झाकण आणि उचलायला तारेची कडी. बोरी बुद्रुकला मंगलबाईंच्या स्वयंपाकघरात, वरून दुसऱ्या फळीवर माझी जागा आहे. माझ्या पोटावर नाव घातलंय, ‘चि. मंगल हिस, मामाकडून, ११-५-८३’. जुन्नरच्या पेठेत भांड्याच्या दुकानात ते नाव घातलं, तेव्हा मला नुसत्या गुदगुल्या झाल्या होत्या. याच नावानं पुढं एका माणसाचं घर सुटेल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तेच सांगायला आज झाकण उघडलंय.

माझा स्वभाव थेट मंगलबाईंसारखा. शेजारी काय शिजतंय, कोण आलं, कोण रुसून बसलंय, हे कळल्याशिवाय मला करमत नाही. बाईंना निदान दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी थांबून काहीतरी निमित्त काढावं लागतं. मी मात्र सरळ दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जातो. डब्यासमोर कोण गप्प बसतंय?

गडग्यापलीकडं गेणभाऊ आणि साळुबाई. वीस वर्षं मी या दोन घरांमध्ये ये-जा केली. जाताना कधी कालवण, कधी पुरणाची आमटी. आणि आमच्याकडची रीत अशी, की शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. साळुबाईंनी मला एकदाही रिकामा धाडला नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी तळाशी असायचीच. थंडीच्या दिवसांत असायच्या त्यांच्या परसातल्या घेवड्याच्या शेंगा, जांभळ्या शिरेच्या, चांगल्या वीतभर लांब. तसा घेवडा गावात दुसरीकडं नव्हता.

मंगलबाई दरवर्षी मागायच्या, “वयनी, जरा बी द्या की.”

“शेंगा खा गं गुमान. बी दिलं तर तू माझ्याकडं येशील कशाला?” साळुबाई हसून टाळायच्या.

दोन हजार तीन सालच्या माघात साळुबाई गेल्या. ताप आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. तेराव्याला मी गेणभाऊंच्या चुलीपाशी होतो, माझ्यात पिठलं होतं. त्यांचा मुलगा गोरख भोसरीला कंपनीत आहे. तो बापासमोर उकिडवा बसून म्हणाला, “दादा, तुमाला चहा बी करता येत नाय. चला माझ्यासंगं.”

गेणभाऊ बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघ ओढत राहिले. मग म्हणाले, “मला एक वर्स दे. वर्षश्राद्धापत्तुर. माझं मला करून खाता आलं तर हितंच ऱ्हाईन. न्हाई जमलं तर तू म्हनशील तसं.”

“ठरलं?”

“ठरलं.”

गेणभाऊंचं बोलणं म्हणजे बोलणं. वाट्यानं दिलेली जमीनसुद्धा त्यांनी कधी कागदावर लिहून दिली नाही. पोरालाही ते माहीत होतं.

मग सुरू झालं त्यांचं ते वर्ष. त्या वर्षात या माणसात काय काय बदललं, ते मला परत येताना माझ्यात काय होतं त्यावरनं कळत गेलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यात दोन लिमलेटच्या गोळ्या टाकल्या. साळुबाई काय घालायच्या, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मंगलबाईंनी झाकण उघडलं, आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून मोरीकडं गेल्या.

पुढं ते चहा करायला शिकले. मग खिचडी. मंगलबाई गडग्यावरून ओरडून सांगायच्या आणि ते आतून विचारायचे.

“मंगल, मीठ केवढं गं?”

“अंदाजानं घाला!”

“अंदाज कोणत्या डब्यात ठेवलाय तिनं?”

मंगलबाईंचे यजमान बाळासाहेब ओट्यावर बसून पोट धरून हसायचे. भाकरीचं तर विचारूच नका. पहिल्या महिन्यातल्या भाकरी कुत्र्यानं हुंगून सोडल्या. पण सकाळी उठल्या उठल्या तंबाखू मळणारा तो माणूस आता पीठ मळायला लागला, आणि हाताला तंबाखूचा वास नको म्हणून तंबाखूच सोडली. चाळीस वर्षांची सवय. साळुबाई सांगून सांगून थकल्या होत्या.

उन्हाळ्यात त्यांनी आणखी एक नाद लावून घेतला. साळुबाईंची अर्धी राहिलेली गोधडी त्यांना पेटीत सापडली. ते दुपारी ओट्यावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, टाके घालायला लागले. येणारेजाणारे थबकायचे.

“गेणभाऊ, राव, आता नथ तेवढी राहिली,” बाळासाहेब म्हणाले.

“नथ बी हाये पेटीत. नाकाला बसंना, काय करू?”

टाके वाकडेतिकडे पडायचे. साळुबाईंचा टाका कुठं संपला आणि त्यांचा कुठं सुरू झाला, ते दहा हातांवरूनही दिसायचं. पण उसवून पुन्हा घालायचे. त्या दिवसांत माझ्यात परत येताना कधी कढीपत्ता असायचा, कधी लिंबं, एकदा तर त्यांनी स्वतः केलेला शिरा. गोड कमी होता. मंगलबाईंनी वाटी भरून खाल्ला.

आषाढात त्यांनी साळुबाईंचं राखेतलं बी काढलं. आमच्याकडं बियाणं राखेत ठेवतात, मग त्याला कीड लागत नाही. मडक्यात जेवढं होतं तेवढं सगळं त्यांनी गडग्याच्या कडेनं लावलं. वेल चढला, फुलला. दिवाळीपर्यंत शेंगा आल्या आणि गेणभाऊ दोन्ही वेळचं आपलं आपण रांधून खायला लागले. खरं सांगतो, त्यांची आमटी मंगलबाईंच्यापेक्षा बरी व्हायची. हे मी फळीवर कधी बोललो नाही.

आता माझी गरज उरली नव्हती. पण मंगलबाईंना राहवेना. आठवड्यातून दोनदा, तीनदा तरी काहीतरी भरून मला पलीकडं घेऊन जायच्याच. गेणभाऊ नको म्हणायचे नाहीत. आपली आमटी झाकून ठेवायचे आणि मंगलबाईंची भाजी खायचे. त्या दिलेलं खातात का ते बघत उंबऱ्यात उभ्या राहायच्या ना!

वर्षश्राद्धाला पाच दिवस राहिले होते. बाईंनी माझ्यातून मेथीची भाजी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी मी परत यायचा, तो आलो नाही. गेणभाऊंनी मला घासून पुसून चुलीच्या बाजूला ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाले, “थांब जरा. बी अजून चार उन्हं खाऊ दे.”

अंगणात पोत्यावर घेवड्याचं बी पसरलं होतं. वीस वर्षं साळुबाईंनी जे दिलं नाही, ते यंदा माझ्यातून मंगलबाईंना जायचं होतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. चार दिवस मी तिथंच बसून होतो.

आणि चौथ्या दिवशी गोरख आला. पाणी प्यायला आत आला, आणि त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं मला उचललं, फिरवलं, पोटावरचं नाव वाचलं. चुलीवर आमटी होती. त्यानं झाकण काढून बघितलं.

“दादा, आमटी मंगलकाकींची का?”

“न्हाई रं,” अंगणातून गेणभाऊ म्हणाले, “म्या केली.”

गोरख हसला. लहान पोर काही सांगतं तेव्हा आपण हसतो ना, तसा. मला हातात घेऊनच तो गडग्यापाशी गेला.

“काकी, डबा कवापासनं देताय?”

मंगलबाई भांडी घासत होत्या. हात झटकत उठल्या. गोरख आला, आपली आठवण काढली, याचाच त्यांना केवढा आनंद! “वर्स झालं की, बाळा! एक दिस खंड नाय पडू दिला. तू बिनघोर ऱ्हा. तुझ्या बापाला म्या उपाशी ठेवलं न्हाई.”

खंड कितीतरी पडला होता. दिवाळीपासून तर मी निम्मा वेळ फळीवरच होतो. पण बाईंच्या तोंडून चांगुलपणाच्या भरात निघून गेलं. कुणाला धीर द्यायचा म्हणजे थोडं वाढवून सांगायचं, हीच त्यांची सवय.

गेणभाऊ मूठभर बी हातात घेऊन तिथंच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. “मंगल, खोटं कशाला बोलतीस,” एवढं म्हणायचं होतं. पण पोरासमोर तिला खोटं पाडायचं? वर्षभर जी बाई गडगा ओलांडून आली, तिला? त्यांनी तोंड मिटलं आणि बी परत पोत्यावर टाकलं.

“दादा,” गोरखचा आवाज वर चढला नाही, “लोकांच्या डब्यावर किती दिवस काढनार? मला लाज वाटती. आपलं ठरलं व्हतं.”

“व्हय,” गेणभाऊ म्हणाले, “ठरलं व्हतं.” आणि मला त्याच्या हातातून घेऊन त्यांनी परत चुलीपाशी ठेवलं.

वर्षश्राद्ध झालं. त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात उभी राहिली. अर्धीमुर्धी गोधडी, पेटी, साळुबाईंचा फोटो, सगळं आत गेलं. निघण्याआधी गेणभाऊ चुलीपाशी आले. बंबाखालची थंड राख त्यांनी चाळून घेतली. एक थर राख, एक थर बी, वर पुन्हा राख. राखेच्या हातानं माझं पोट धरून झाकण दाबून बसवलं आणि त्यावर जरा वेळ हात ठेवला.

“गोरख, हा डबा मंगलला दे,” म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकत जीपमध्ये जाऊन बसले. आणखी काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही. डबा उघडला की कळतंच, आतलं काय ते.

गोरख कुलूप लावायला मागं राहिला. मला उचललं, तर जड लागलो. त्यानं झाकण काढलं. आत राख.

“काय दादा बी,” तो पुटपुटला, “भांडी घासायची राख लोकांच्या डब्यात भरून ठेवलीय.”

पोराच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. शेजाऱ्याचं भांडं असं घाणेरडं द्यायचं कसं, एवढंच त्याला वाटलं. त्यानं मला उकिरड्यावर उपडं केलं. बुडावर दोन थापा मारल्या. नळाखाली धरून आतून बाहेरून धुतलं, रुमालानं पुसलं. मी सगळा खणखणलो. डब्याचं खणखणणं कोण ऐकतंय?

“काकी, तुमचा डबा. लई उपकार झाले.” गडग्यावरून मला देऊन तो पळतच गेला. जीप निघाली.

मंगलबाई डोळे पुसत होत्या. सवयीनं त्यांनी माझं झाकण उघडलं. आत बघितलं. पुन्हा बघितलं. बोट फिरवून बघितलं, साखर तरी आहे का.

“आवो,” त्या बाळासाहेबांना म्हणाल्या, “रिकामा आलाय.”

“घाईत राहिलं आसंल.”

“न्हाई. भाऊ रागावलं. म्या गोरखपाशी नको ते बोलले, तेच लागलं त्यांना. त्या घरातनं ह्यो कवा रिकामा आला नव्हता.”

त्या दिवसापासून मी फळीवरच आहे. बाई आता कुणाला काही द्यायचं झालं तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतात. पलीकडच्या दाराला कुलूप आहे. उकिरडा वैशाखात गाडीत भरून कुणाच्या तरी उसाच्या रानात पडला.

श्रावणात गोरख घर गळतंय का बघायला आला होता. गडग्यापाशी थांबून म्हणाला, “काकी, दादा रोज इचारत्यात, घेवडा गडग्यावर चढला का म्हून.”

मंगलबाईंनी गडग्याकडं बघितलं. तिथं नुसतं गवत होतं. “यंदा कुठला घेवडा रं?”

“काय की. आताशा त्यांच्या बोलन्याचा मेळच लागत न्हाई. गोधडीला बी हात लावत न्हाईत. गॅलरीत नुसतं बसून ऱ्हात्यात.”

मंगलबाईंनी पुन्हा त्या गवताकडं बघितलं. मग म्हणाल्या, “चढला म्हनावं. लई जोरात चढलाय म्हनावं.”

आत जाऊन त्यांनी मला उगाच खाली काढलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. तिकडं तो माणूस भोसरीच्या गॅलरीत बसून वेल वाढताना बघतोय. इकडं ही बाई त्याची समजूत काढल्याच्या समाधानात, आणि तो आपल्यावर रागावलाय या दुःखात, दोन्हीत जगतेय. खरं मला एकट्याला ठाऊक आहे.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. कुणाचं भांडं परत करताना धुवा, जरूर धुवा. पण धुण्याआधी आत हात घालून बघा. गोरखनं मला चांगलं घासलं, तरी माझ्यावरच्या नावाच्या खाचांमध्ये थोडी राख राहिलीच. ‘मंगल’ ही अक्षरं तेवढी काळी दिसतात. बाई चिंच लावून बघतात, लिंबू लावून बघतात. निघत नाही. त्यांना वाटतं, स्टील जुनं झालं.