दोनऐवजी एक

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी निकाल जाहीर झाला. दुकानांच्या अंतर्गत मांडणीच्या राष्ट्रीय स्पर्धेत, दोनशे बारा प्रवेशिकांमधून, पहिलं पारितोषिक इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षातल्या दोन मुलींना मिळालं. एकीला वर्गात फूटपट्टी म्हणतात, उंचीमुळे आणि स्वभावामुळेही. दुसरी चपलांच्या दुकानातल्या विक्रेत्याची मुलगी.

तिने वडिलांना फोन लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी उचलला.

"बाबा, पहिला नंबर."

"शाब्बास. ठेवतो, शिडीवर आहे."

स्पर्धेसाठी दोघींनी वडिलांचंच दुकान निवडलं होतं. तिथे खोकी माळ्यावर असतात. गिऱ्हाइकाने आठ नंबर मागितला की वर, तो घट्ट झाला की नऊसाठी पुन्हा वर. एका शनिवारी दोघी समोरच्या फुटपाथवर बसून मोजत राहिल्या. वडील एकशे अडतीस वेळा चढले. त्यांचं वय छप्पन्न, गुडघे त्याहून म्हातारे. दोघींच्या आराखड्यात माळाच नव्हता. सगळी खोकी कमरेच्या खाली, बाकांच्या पोटात, नंबराप्रमाणे.

आराखडा पाहून सर म्हणाले होते, "मालकाला काय मिळणार, हे परीक्षक विचारणारच." मुलीने तळाशी एक ओळ घातली: दोनऐवजी एक विक्रेता पुरेसा.

दुकानात विक्रेते दोनच आहेत. वडील सत्तावीस वर्षांपासून, दुसरा चार वर्षांपासून, वय तीस.

दुपारी आयोजकांनी विजेता आराखडा इंटरनेटवर टाकला. चारच्या सुमारास तो मालकाच्या फोनवर पोचला. आरशाशेजारचा तिरका खांब बघून त्याने दुकान ओळखलं.

संध्याकाळी वडील घरी आले, हातपाय धुऊन बसले.

"मालक खूश आहेत. म्हणाले, पोरीने डोकं चालवलंय."

"मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" आईने विचारलं.

"शेवटची ओळ वाचून दाखवली. आम्हा दोघांना उभं करून. दोनदा."

मुलगी म्हणाली, "ती परीक्षकांसाठी होती, बाबा."

"परीक्षकांचं दुकान आहे का?"

"तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही मोजूच दिलं नसतं."

"नसतंच दिलं. म्हणून तर विचारायचं असतं."

आई मध्ये पडली. "रोज गुडघे शेकताना त्या शिडीचा उद्धार करता. आता तीच लाडकी झाली?"

"शिडी आहे तोवर दोन माणसं लागतात," वडील म्हणाले.

मुलीने फूटपट्टीला फोन केला. फूटपट्टी म्हणाली, "रडत बसू नकोस, संगणक उघड." दोघींनी नवा आराखडा केला. त्यात एक विक्रेता बाकांपाशी, पायाचं माप घेणारा. दुसरा दाराशी, दुरुस्तीला आलेल्या चपला घेणारा. दुरुस्तीचा कोपरा त्यांनी नव्यानेच काढला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोघी दुकानात गेल्या. मालकाने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि आराखडा चष्मा लावून नीट पाहिला.

"झकास आहे. बक्षीस कुठल्याला मिळालं, याला की त्याला?"

"त्याला," फूटपट्टी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

"मग तोच द्या."

"काका, पण तो एका माणसाचा आहे," मुलगी म्हणाली.

"वाचता येतं मला, बाळ."

वडील त्या वेळी एका बाईंना सॅंडल घालून दाखवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

सुतार सोमवारी आला आणि माळा उतरवायला सुरुवात झाली. दुकान नऊ दिवस बंद आहे. ते उघडल्यावर दोघांपैकी कोणी कामावर यायचं, हे फोन करून कळवतो, असं मालकाने सांगितलं आहे. आज सातवा दिवस. संध्याकाळी सहापर्यंत दोघांपैकी कोणालाही फोन आलेला नव्हता.