तिसऱ्या चौकोनातली खूण

पेन्सिल जेमतेम बोटभर, तीही दोऱ्यानं भाड्याच्या स्कींच्या काउंटरला बांधलेली... आणि तेवढ्याशा पेन्सिलीनं फॉर्मवरच्या तीन चौकोनांपैकी एकात खूण करायची होती: सावध, मध्यम, धाडसी. विनयनं 'सावध'वर टोक टेकवलंही होतं. पण मागून उल्का डोकावली, आणि ते टोक आपसूक सरकत सरकत तिसऱ्या चौकोनात जाऊन बसलं.

इलाज नव्हता. सहा वर्षं अमेरिकेत, रेडमंडमध्ये राहून त्यानं कॉलेजच्या ग्रुपवर स्कीइंगचे ढीगभर फोटो टाकले होते — प्रत्यक्षात तो स्कीवर एकदाच उभा राहिला होता, तोही अकरा सेकंद. बाकी सगळे फोटो पार्किंग लॉटमधले. आता एप्रिलमध्ये उल्का ईडन प्रेरीहून आणि सुशांत मॉरिसव्हिलहून खास 'विनयकडून शिकायला' आले होते, आणि तीन तासांच्या ड्राइव्हमध्ये वसंतातला बर्फ सकाळी कडक नि दुपारी पिठल्यासारखा का होतो, हे त्यानं इतकं रंगवून सांगितलं की शेवटी त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं.

"झालं? दे इकडे," म्हणत सुशांतनं त्याचा फॉर्म ओढला.

पुण्यात चार वर्षं हेच तर चाललं होतं... जर्नल विनयनं लिहायचं आणि सबमिशनच्या सकाळी या दोघांनी कँटीनमध्ये बसून उतरवायचं, चुकांसकट. एकदा सुशांतनं रोल नंबरसुद्धा विनयचाच लिहिला होता. आताही दोघं माना खाली घालून उतरवत होते. धाडसी. धाडसी.

बूट आवळताना समोरची पाटी त्यानं वाचली. धाडसी म्हटलं की स्की बुटाला जास्त घट्ट बसवतात. म्हणजे पडल्यावर स्की सुटणार नाही — पाय सुटेल. एका पोकळ बढाईपायी तिघांचे मिळून सहा पाय!

डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत पुढे सातच माणसं. सांगावं? वर गेल्यावर सांगू... वर गेल्यावर काय सांगणार, कप्पाळ? उल्का त्याच्याकडे बघून हसली. चार माणसं. दोन.

"मला येत नाही," तो म्हणाला. "स्कीइंग. अजिबात येत नाही."

"माहितीये," सुशांत म्हणाला. "प्रत्येक फोटोत मागे पार्किंगची पाटी असते, यार."

"मग फॉर्म कशाला उतरवलात?"

"अरे... तू लिहिलंस म्हणून," उल्का म्हणाली. "विचारच नाही केला. चल, चेंज करून घेऊ."

ते जड बूट आपटत दोघं काउंटरकडे वळले. विनयला हायसं वाटायला हवं होतं. आला तो राग. सहा वर्षं मी जीव मुठीत धरून थापा मारतोय, आणि हे दर फोटोला लाइकचे अंगठे देत बसले होते! कशासाठी? दया म्हणून?... की माया? मग नोकरीचं, घरातलं, सगळं बरं चाललंय म्हणून जे जे सांगितलं, तेही यांनी असंच ऐकून घेतलं असणार. दोघं पुढे थांबून त्याची वाट बघत होते. आपण यांना फसवतोय, याची त्याला सवय होती. हे इतकी वर्षं आपल्याला सांभाळून घेत आलेत, याचं काय करायचं ते त्याला कळेना.