आठ दिवसांचा तक्ता

बस कोपऱ्यावर वळली तेव्हा तो धाकट्या मुलाच्या, ढोल्याच्या, सँडलचा पट्टा लावत होता. पट्टा काही लागेना. त्याने तो तसाच सोडला, शाळेतून आणलेल्या मोठ्या मुलीचं, मुंगीचं, दप्तर सरळ केलं आणि दोघांना थांब्याच्या कठड्याशी उभं केलं. मागच्या दारातून बायको उतरली. नर्सचा पांढरा कोट घडी करून तिने काखेत धरला होता, आणि खिडकीला टेकून झोपल्याचा वळ गालावर तसाच होता.

“जेवले?”

“ढोल्याने अर्धंच खाल्लं. आणि याचा पट्टा तुटलाय वाटतं.”

“वहीत लिहिलंस?”

“लिहिलंय.”

“बरं. दे.”

त्याने मुलांचे हात तिच्या हातात दिले आणि पुढच्या दारातून त्याच बसमध्ये चढला. ड्रायव्हर पिकल्या मिशांचा, बोलायला कमी. या देवघेवीसाठी तो रोज गाडी मिनिटभर जास्त थांबवायचा आणि आपण आरसा पुसतोय असं दाखवायचा. तीन वर्षांत त्या आरशाइतका स्वच्छ आरसा त्या मार्गावर दुसरा उरला नव्हता.

तिची ड्यूटी सकाळी सहा ते साडेबारा, लहान मुलांच्या वॉर्डात. त्याची दुपारी दोन ते रात्री दहा, शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर. ढोल्या झाल्यावर दोघांनी बसून, डोकं लावून ही व्यवस्था ठरवली होती आणि ती पक्की निघाली. मुलं एक दिवसही परक्याच्या घरी राहिली नाहीत. दूध वेळेवर, औषध वेळेवर, शाळेची फी वेळेवर. संसार अगदी सुरळीत चालला होता. फक्त त्यातली दोन मोठी माणसं एकमेकांना भेटत नव्हती. त्याची सुट्टी बुधवारी, तिची दर महिन्याला बदलणारी. दोन्ही एका दिवशी आल्या की हमखास कुणाला तरी ताप यायचा, नाहीतर वॉर्डातून फोन.

म्हणून ती वही. फ्रिजच्या हँडलला सुतळीने बांधलेली, दोनशे पानी. ही सहावी. ‘गॅस संपत आलाय.’ ‘मुंगीला बाईंनी गणितात शाबासकी दिली, विचार तिला.’ ‘तुझी निळी पँट वाळत आहे.’ पहिल्या वहीत शेवटी कधीकधी काहीबाही लाडाचं असायचं. आता तितकी जागा दोघंही वाया घालवत नसत.

बेटाची कल्पना तिची. फेब्रुवारीतल्या एका पानावर, कांद्याच्या यादीखाली, तिने लिहिलं होतं : ‘मे महिन्यात आठ दिवस मिळतील असं मेट्रन म्हणते. कुठेतरी जाऊया का? बेटावर?’

त्याने ते वाचलं आणि चहा गार होईपर्यंत वही हातात धरून बसला. मग रजेचा अर्ज दिला, तो नाकारला गेला, पुन्हा दिला आणि साहेबांच्या टेबलापाशी खांबासारखा उभा राहून मंजूर करून घेतला.

मग वहीत बेट भरू लागलं.

‘पुढच्या खोलीतून समुद्र दिसतो पण पायऱ्या उंच आहेत.’

‘मागची घे. ढोल्या पडेल.’

‘बोट सकाळी आठला आणि संध्याकाळी चारला. बोटीत मुंगीला उलटी होईल.’

‘सकाळची बरी, समुद्र शांत असतो. पिशव्या मी वॉर्डातून आणते.’

‘किनारा उथळ आहे, चौकशी केली. कमरेएवढ्या पाण्यातही तळ दिसतो म्हणे.’

‘कुणाच्या कमरेएवढ्या?’

हे शेवटचं वाचून तो एकटाच स्वयंपाकघरात हसला. तिला असं खोडकर बोलता येतं हे तो विसरूनच गेला होता. त्या दिवशी बसथांब्यावर त्याला तिला म्हणायचं होतं, की माझ्या कमरेएवढ्या. पण ढोल्याने कुणाच्या तरी कुत्र्याचं शेपूट धरलं आणि ते राहून गेलं.

त्याला खरं तर बेटाचं काही नव्हतं. समुद्र काय, पाणीच. पाण्यात त्याची आठ तास ड्यूटी असायची. त्याला ती जागी असलेली पाहायची होती. तीन वर्षं तो रात्री घरी यायचा तेव्हा ती दोन मुलांच्या मधे निजलेली असायची आणि पहाटे तो निजलेला असताना निघून जायची. तिचा झोपलेला चेहरा त्याला तीळन् तीळ पाठ होता. जागा चेहरा म्हणजे थांब्यावरचं एक मिनिट.

एप्रिलमध्ये त्याने तक्ता करायला घेतला. यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. केंद्रावर अकरा माणसांचा महिन्याचा तक्ता तोच करायचा, आणि त्याचा नियम साहेबांनाही तोंडपाठ होता : एकही चौकोन रिकामा नको आणि एकाही चौकोनात दोन नावं नकोत. रिकामा चौकोन म्हणजे धोका, दोन नावं म्हणजे एक माणूस फुकट.

त्याने पट्टीने आठ दिवस आखले. सकाळच्या चौकोनांत स्वतःचं नाव, म्हणजे ‘बाबा’, घातलं आणि खाली लिहिलं : ‘सकाळी मुलांना मी नेईन. तू झोप. आठही दिवस. कुणी उठवणार नाही.’

दुसऱ्या दिवशी खाली तिचं अक्षर होतं : ‘मग दुपारी तू पड. मी त्यांना सावलीत वाळूचं घर करायला नेते. तूही तीन वर्षांत झोपला नाहीयेस.’

त्याला बरं वाटलं. कुणीतरी आपली झोप मोजतंय म्हटल्यावर वाटतंच. त्याने दुपारी तिचं नाव घातलं आणि संध्याकाळ स्वतःकडे घेतली, म्हणजे तिला एकटीला निवांत फिरता येईल. तिने रात्री मुलांना निजवणं मागून घेतलं, म्हणजे त्याला पत्ते खेळायला कुणी मिळालं तर खेळता येईल. जेवणंसुद्धा त्यांनी वाटून घेतली. एकाने भरवायचं, दुसऱ्याने गरम गरम जेवून घ्यायचं. चार दिवस वहीत नुसती एकमेकांना आराम देण्याची चढाओढ चालली होती. पाचव्या दिवशी तक्ता पुरा झाला. तिने खाली लिहिलं : ‘छान झालाय.’

मुंगीला रंगवायला काहीतरी हवंच असायचं. बुधवारी तिने वही सुतळीसकट टेबलावर ओढली.

“हे रंगवू?”

“रंगव. बाहेर जाऊ देऊ नकोस. माझं नाव आहे तिथे निळा, आईचं आहे तिथे लाल.”

तो ढोल्याच्या सँडलला नवा पट्टा शिवत बसला. तिला आता वाचता येत होतं, ‘बाबा’ आणि ‘आई’ तर उलटंही. जीभ बाहेर काढून तिने एकेक चौकोन भरला. पूर्ण झाल्यावर खडू डब्यात ठेवले आणि विचारलं,

“बाबा, बेटावर बसस्टॉप कुठे आहे?”

“बेटावर बस नसते गं. पायीच फिरायचं.”

“मग आई आम्हाला तुझ्याकडे कुठे देणार?”

सुई त्याच्या बोटात गेली नाही, की काही झालं नाही. त्याने पट्टा खाली ठेवला आणि वही आपल्याकडे वळवली. निळा, लाल, निळा, लाल. आठ दिवस. रेघ ओलांडून एकही रंग दुसऱ्यात गेला नव्हता. मुलगी फार नीटनेटकी होती, बापावर गेलेली.

“कुठे देणार?” तिने पुन्हा विचारलं.

“बघू,” तो म्हणाला.

ती खेळायला गेल्यावर त्याने नवं पान घेतलं. आठ दिवस पुन्हा आखले आणि पहिल्या दिवशीच्या संध्याकाळच्या चौकोनात लिहिलं : ‘सगळे’. मग त्या चौघांनी त्या चौकोनात नेमकं काय करायचं याचा विचार करत बसला. तिला हल्ली काय आवडतं ते त्याला ठाऊक नव्हतं. चहा साखरेचा घेते की बिनसाखरेचा, हेही नक्की सांगता आलं नसतं. त्याने पान फाडलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि केंद्रावर फोन लावला. सकाळच्या ड्यूटीवरचा माणूस जुना होता.

“उद्या अर्धा तास थांबशील? दोनची बस घेईन म्हणतो.”

“का रे, काय झालं?”

“काही नाही. घरी जरा काम आहे.”

गुरुवारी बस आली, ती उतरली, आणि तो चढला नाही. ड्रायव्हरचा आरसा पुसून झाला, वर काचही पुसून झाली. थांब्यावरून त्याने हातानेच ‘जा’ म्हणून खूण केली, तेव्हा बस निघाली.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “काय झालं? कुणाला बरं नाहीये? नोकरी—?”

“काही झालं नाही. दोनची घेतो.”

“दोनची का?”

“असंच.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. चारही माणसं थांब्यावर, आणि मुलांचे हात कुणी धरायचे ते ठरलेलं नाही. मुंगीने दोघांकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

“केस कापलेस?” बायकोने विचारलं.

“पंधरा दिवस झाले.”

“हो का.” ती बाकावर बसली. पिशवी शेजारी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. तो त्या रिकाम्या जागेत बसला. तिच्या अंगाला जंतुनाशकाचा वास होता. काय बोलावं ते त्याने सकाळी दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं, आता ते सगळं उलटसुलट झालं.

“तक्त्यात एक चूक झालीय माझी,” तो समोर बघत म्हणाला. “म्हणजे, आपली दोघांची.”

तिची मान त्याच्या खांद्यावर कलली होती. एका हाताने तिने ढोल्याचं मनगट पकडलं होतं, ते झोपेतही सुटलं नव्हतं. तो हलला नाही. ढोल्या दर मिनिटाला नव्या सँडलच्या पट्ट्याने बाकाच्या पायावर टपटप करत होता, त्यालाही त्याने गप्प केलं नाही. अशी पस्तीस मिनिटं गेली. एवढ्या वेळात तिला सांगण्यासारखं तीन वर्षांचं त्याच्यापाशी होतं, आणि तिला उठवणं मात्र त्याच्या जिवावर आलं.

दोनच्या बसचा ब्रेक लागला तशी ती आपोआप जागी झाली, वॉर्डात होत असेल तशी. उठून तिने मुंगीचाही हात धरला.

“चल, जा तू. उशीर होईल.”

तो चढला. बस सुटायच्या आधी ती खिडकीखाली आली.

“चूक कसली म्हणालास?”

“वहीत लिहितो,” तो म्हणाला.

“वहीत नको.” तिने मुलांना कडेला ओढलं. “तिथे गेल्यावर सांग.”

बस हलली. कोपरा येईपर्यंत तिघं थांब्यावरच उभी होती, तिघंही याच खिडकीकडे बघत. रोज उभी राहत असतील का, हे त्याला माहीत नव्हतं. तो नेहमी पलीकडच्या बाजूला बसायचा.