साठवलेल्या सुट्ट्या

"घेतल्याच नाई तं संपल्या कशा?" रुखमाने विचारलं.

विनोदने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बाया पाठवायचं त्याचं ऑफिस चंद्रपुरात एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खुर्च्या दोनच. एकीवर तो बसायचा, दुसरीवर बंद पडलेला कूलर. बाया उभ्या राहूनच बोलत.

"संपल्या म्हन्जे बुडाल्या, रुखमाबाई. महिन्याच्या सुट्ट्या त्याच महिन्यात घ्याच्या. नाई घेतल्या का गेल्या. सगळ्यायले हाच नियम हाये."

"मले कोनी सांगतलं नाई."

"तुम्ही विचारलं का कधी?"

आता याला काय म्हणावं? विचारायचं असतं हेच ज्याला ठाऊक नाही, तो विचारणार काय, कपाळ? पण रुखमा भांडणारी बाई नव्हती. तिने पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "मंग त्या दिवसायचे पैसे तरी?"

"महिन्याचा पगार तं पुरा भेटला ना तुमाले? मंग पैसे कायचे?"

हिशेब इतका गुळगुळीत होता की त्याला कुठून धरावं ते तिला कळेना. सुट्टीच्या दिवशीही काम केलं, आणि पगार तेवढाच, म्हणजे तो दिवस गेला कुठं? ती जिना उतरली तरी हाच प्रश्न डोक्यात. रागसुद्धा नीट येईना. राग यायला आपलं काय गेलं ते आधी कळावं लागतं, आणि तिला अजून वाटत होतं की काहीतरी चुकतंय, विनोदभाऊ उद्या म्हणतील, "थांबा, सापडल्या तुमच्या सुट्ट्या."

रुखमाचं गाव चामोर्शीच्या पलीकडे, डांबर संपतं तिथून आत जंगलात. नवरा इसरू तापाने गेला, एकुलत्या एका लेकीचं, निशाचं लग्न आरमोरीला करून दिलं, आणि ती चंद्रपुरात सुगंधाबाईंकडे कामाला लागली. सुगंधाबाई शाळेतून रिटायर झालेल्या. अर्धांगाने उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सून ललिता बँकेत, मुलगा नागपुरात नोकरीला, शनिवार-रविवार येणारा. रुखमा रात्रंदिवस तिथेच. पहिल्याच दिवशी ललिताने सांगितलं होतं, "दुपारचे दोन तास तुमचे हं, रुखमाबाई. खुशाल पडा." दोन तास तिचे खरे, पण सुगंधाबाईंना ते कोण सांगणार? सगळं घर निवांत झालं की नेमक्या त्यांना तहान लागायची, कूस बदलायची असायची. रुखमा चटईवर आडवी व्हायची ती एक कान त्यांच्याकडे लावूनच. याला कोणी आराम म्हणत असेल तर म्हणो बापडे.

सुट्टी मात्र ती साठवत होती.

हे शहरातल्या माणसाला पटकन समजायचं नाही. तिच्या माहेरी काय नि सासरी काय, जे हाती येईल ते वाळवून ठेवायची रीत. मोहफुलं उन्हात वाळवून बांबूच्या ढोलीत भरायची, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब कापून सुकवायचे, मासळी सुकवायची, चारोळी राखायची. मिळालं त्याच दिवशी खाऊन मोकळं होणाऱ्या बाईला गावात कोणी शहाणी म्हणत नसे. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की मग ढोली उघडायची.

पहिल्यांदा ललिताच म्हणाली होती, "या रविवारी पाहुणे आहेत हो. सुट्टी पुढे घ्या ना, जमा राहील तुमची." रुखमाला ते बोलणं आवडलं. पुढे एकदा ललिता फोनवर मैत्रिणीला सांगत होती की बँकेत तिच्या भरपूर रजा साठल्या आहेत, उन्हाळ्यात सगळ्या एकदम काढून केरळला जाणार. रुखमाने भाकरी थापता थापता ते ऐकलं आणि मनाशी पक्कं केलं की सुट्टीचंही मोहासारखंच असतं.

मग निशाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे तिकडे सांगावं लागत नाही. रुखमाने ठरवलं, सगळ्या सुट्ट्या एकदम घ्यायच्या आणि सव्वा महिना गावी राहायचं. घर उघडायचं, सारवायचं, लेकीला शेकायचं, नातवंडाला आपल्या हाताने न्हाऊ घालायचं. नवरा गेल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं. हे एकच.

त्यानंतर ललिता स्वतःहून म्हणायची, "या रविवारी जाऊन या की कुठेतरी." तरी रुखमा म्हणायची, "राहू द्या, ताई. जमा असू द्या." ललिता हसायची आणि गप्प राहायची. सोयीचं होतं, म्हणून गप्प राहायची, असं मी म्हणेन. ती म्हणेल, तिच्या लक्षातच आलं नाही. दोन्ही खरं असेल.

समोरच्या इमारतीत हाजरा एका आजोबांजवळ कामाला होती. चंद्रपूरचीच, जिभेची तिखट. संध्याकाळी दुधाच्या दुकानाशी दोघींची गाठ पडायची. हाजरा तिची सुट्टी कधी चुकवायची नाही, मालकाच्या घरी लग्न असो की मयत.

"मेरी छुट्टी मेरी," ती म्हणायची. "आन् तू काऊन नाई घेत वं?"

"जमा करून राह्यलो."

हाजरा दुधाची पिशवी हातात धरून तिच्याकडे बघतच राहिली होती. "अगं बाई, सुट्टी म्हन्जे का मोहफूल हाये, वाळवून ठेवाले? सडून जाते ते. विनोदले पूछ एकबार."

"ताईनं सांगतलं ना जमा राह्यते म्हनून."

"ताई का पगार देते तुले? विनोद देते. पूछ त्याले."

रुखमाने विचारलं नाही. ताईवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं तिला वाटलं. आणि विचारलं तेव्हा निशाला नववा लागला होता.

त्या दिवशी विनोदच्या ऑफिसातून ती परतली आणि ललिता बँकेतून येईपर्यंत दारातच उभी राहिली. सगळं ऐकून ललिताने पर्स सोफ्यावर ठेवली आणि खाली बघत म्हणाली, "मी आपलं सहज म्हणत होते हो, रुखमाबाई. मला काय माहीत त्यांचे नियम."

"पन तुमच्या बँकेत तं राह्यतात ना जमा?"

"बँकेचं वेगळं असतं."

"काऊन?"

ललिताला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तिने विनोदला फोन केला, आवाज चढवला. विनोद म्हणाला, बिनपगारी जाऊ द्या, मी बदली बाई पाठवतो, पण सव्वा महिना जागा रिकामी ठेवणार नाही. बदलीवाली तिथे रुळली की तीच राहील. रुखमाबाईंना मग दुसरीकडे कुठे निघालं तर बघू.

ललिताने निदान आठ दिवसांचं तरी जमवायचं म्हणून बदली बाई बोलावली. पोरगी चांगली होती, मनापासून करत होती. पण सुगंधाबाईंनी दात घट्ट मिटले. सकाळची पेज नाही, दुपारचा वरणभात नाही, पाणीसुद्धा गळ्यावरून ओघळू दिलं. रुखमा आतल्या खोलीत पिशवी भरून बसली होती. बाहेर ललिता सासूला विनवत होती, "आई, घ्या ना हो, एक घास." शेवटी रुखमा उठली, पिशवी तिथेच ठेवली, हात धुतले आणि वाटी घेतली. सुगंधाबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या डाव्या हाताने तिचा पदर धरला तो बराच वेळ सोडला नाही.

"बाई, काऊन असं करून राह्यल्या तुम्ही?" रुखमा म्हणाली. तिला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि मायाही इतकी कधी आली नव्हती.

काम सोडून जावं, हाही विचार तिने केला. पण मग बाळंतिणीला तूप-डिंक कशातून घालणार? आणि सव्वा महिन्यानंतर कोणाच्या दारात उभी राहणार? तिने निशाला फोन लावला.

"माय, तू तं म्हनली होतीस सगळ्या सुट्ट्या ठेवल्या म्हनून."

"ठेवल्या होत्या वं."

"मंग?"

"नाई राह्यल्या."

निशा म्हणाली, "राहू दे. सासू म्हनते इथीच करू." तिच्या आवाजात रुसवा नव्हता. रुसली असती तर रुखमाला बरं वाटलं असतं.

मुलगी झाली, तेव्हा रुखमा सुगंधाबाईंचे केस विंचरत होती. जावयाचा, पवनचा फोन आला. "दोघी बी बऱ्या हायेत, मामी," तो म्हणाला. तिने बातमी सुगंधाबाईंना सांगितली, त्या तोंड वाकडं करून हसल्या, आणि तिने वेणी पुरी केली. रडायचं तर कुठे जाऊन रडणार? मोरीत जाऊन नळ सोडला, तर लगेच आतून पलंगावर डाव्या हाताच्या थापा.

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा ललिताने आपली बँकेची रजा टाकली आणि म्हणाली, "दोन दिवस मी बघते आईंकडे. बदली बाई नको, मीच भरवते. तुम्ही जा." दोन दिवस. त्यातला एक जाण्यायेण्याचा. तरी रुखमा तिचे उपकार मानून निघाली.

आरमोरीला ती उतरली तेव्हा मळणीचे दिवस होते, रस्त्यावरच धान पसरलेलं. निशाच्या सासूने हसून पाट दिला, पितळी ताटलीत पोहे आले, कपबशीत चहा. लेक अंगाने भरली होती. नात हातात दिली तेव्हा ती झोपलेली होती, म्हणून घेता आली.

"आंघोळीची वेळ झाली का? पानी ठेवतो मी," रुखमा उठायला लागली.

"तू बस, माय. धुरपताबाई येते," निशा म्हणाली.

धुरपताबाई आली. रुखमाच्याच वयाची, पावलं भेगाळलेली. रोज येते, बाळंतिणीला चोळते, बाळाला न्हाऊ घालते, शेक देते. मग आणखी दोन घरी जाते. आल्याबरोबर ती कामालाच लागली. पाण्यात हात घालून बघितलं, तेल कोमट केलं, दोरीवरचं दुपटं ओढलं. घरात कुठे काय ठेवलंय ते तिला सगळं ठाऊक होतं. रुखमा भिंतीशी बसून बघत होती. चूल कुठे, तेलाची वाटी कुठली, तिला काहीच माहीत नव्हतं.

"बाई, तुमाले सुट्टी कधी राह्यते?" तिने एकदम विचारलं.

धुरपताबाई हसली. "लेकरू का सुट्टी घेते आंघोळीची? माह्या लेकीकडे जाचं हाये कधीचं, वडशाले. सवड भेटली का जाईन."

"आज जा."

"आज कशी जाऊ? दोन घरं राह्यली अजून."

"मले सांगा ती घरं कुठी हायेत ते. मी जातो. आन् इथलं तं मी करतोच. तुमचा रोजचा पैसा कोनी कापनार नाई, मी सांगतो विहीनबाईले."

धुरपताबाईने निशाच्या सासूकडे बघितलं. सासूने खांदे उडवले, पण नाही म्हटलं नाही. "मंग असं करतो," धुरपताबाई हात पुसत म्हणाली, "पुढच्या सोमवारी जातो, निरोप धाडून..."

"नाई," रुखमा म्हणाली. आवाज जरा चढलाच. "आजच जा. ठेवू नोको, बाई. मी हात जोडतो तुले, ठेवू नोको."

धुरपताबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. दोन्ही घरांचा पत्ता सांगितला, पदराने तोंड पुसलं आणि वडशाच्या गाडीला गेली.

रुखमा अंगणात उन्हात पाय पसरून बसली आणि तिने नातीला पायांवर घेतलं. तेल लावलं, कपाळ चोळलं, नाक ओढलं. निशाला चोळलं होतं तसंच. नातीने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि टाहो फोडला. हात अनोळखी होता. रुखमाने गाणं म्हटलं, पाठ थोपटली, पालथं घेतलं. काही उपयोग झाला नाही.

"माय, मान अशी नोको धरू," निशा दारातून म्हणाली. "धुरपताबाई खालून धरते. आन् पानी जरा कमी गरम घेते ते."

रुखमाने हात मानेखाली घेतला, गंगाळात तांब्याभर थंड पाणी ओतलं आणि विचारलं, "आता बरोबर हाये का?"